म्युलरसारखं फक्त प्रार्थनेवर अनाथाश्रम चालतो का? बालगृहात 23 वर्षं काढलेल्या बाईचं उत्तर

सलाम दादा. तुमचा प्रश्न तीनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना माझंच जुनं रूप समोर आलं म्हणून लिहायला बसलेय, लांबेल जरा, निवांत वाचा.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं, की तुम्ही आणि तुमच्या मिसेस दोघंही नोकरीत आहात, एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये कोणाकडे न मागता अनाथालयं चालवणाऱ्या जॉर्ज म्युलरचं चरित्र वाचून तुम्हाला वाटतंय की नोकरी सोडावी, भाड्याने घर घ्यावं, दहा-बारा अनाथ मुलं आणावीत आणि कोणाकडेही हात न पसरता फक्त प्रार्थनेवर ते चालवावं. घराच्या कर्जाचा हप्ता अजून चालू आहे. मिसेस तयार नाहीत. ओळखीचे एक बंधू म्हणतात की मागणं म्हणजे विश्वास कमी. आणि शेवटी एक छोटं वाक्य टाकलंय, "रजिस्ट्रेशनचं नंतर बघू." मला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच वाक्य, पण त्यावर नंतर येते.

आधी स्पष्ट सांगते, तुम्हाला ह्या कामासाठी देवाचं पाचारण, म्हणजे बोलावणं, आहे की नाही हे मी इथून सांगू शकत नाही, कोणीच सांगू शकत नाही. तुमचं कर्ज किती, आईवडील कोणावर अवलंबून, मिसेस नको म्हणतात की आत्ता नको म्हणतात, ह्यावर बरंच काही ठरतं. पण तुम्ही प्रश्न "विश्वास की पैसा" असा मांडलाय आणि माझ्या अनुभवात तो तसा नसतोच. खरा प्रश्न हा आहे की ज्या दिवशी पैसे येणार नाहीत त्या दिवशी झळ कोणाला बसणार, तुम्हाला की मुलांना? एवढं एक डोक्यात ठेवून म्युलर पुन्हा वाचा, वेगळाच माणूस दिसेल.

आपल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, म्युलरची एकच गोष्ट सांगितली जाते. ताटं रिकामी, मुलं टेबलावर बसलेली, म्युलर अन्नासाठी आभार मानतो आणि दारात बेकरीवाला पाव घेऊन उभा, मागोमाग दूधवाल्याची गाडी तिथेच मोडते. गोष्ट छानच आहे, मीही संडेस्कूलमध्ये सांगितलीय. पण ह्या एका गोष्टीने जेवढ्या लोकांना नोकऱ्या सोडायला लावल्या तेवढ्यांना त्याच्या हिशोबाच्या वह्या बघायला लावलं असतं तर बरं झालं असतं.

हा माणूस मुळात पैशाच्या बाबतीत चोर होता हो. 1805 साली प्रशियात जन्म, बाप सरकारी करवसुली करणारा, आणि पोरगा बापाच्याच पेटीतले पैसे उचलायचा. सोळाव्या वर्षी हॉटेलात राहून बिल बुडवलं म्हणून तुरुंगात गेला. 1825 मध्ये हाल्ले गावात शिकत असताना एका घरगुती प्रार्थनासभेत गेला आणि तिथून आयुष्य फिरलं. मला कायम वाटतं की पुढे 60 वर्षं ह्या माणसाने पै-पैचा हिशोब ठेवला त्याचं मूळ त्या तुरुंगात असावं. हा माझा अंदाज, कुठे लिहिलेलं नाही.

पुढे इंग्लंडला आला, 1830 मध्ये लग्न केलं, आणि त्याच वर्षी मंडळीतून मिळणारा ठरलेला पगार सोडला. म्हणजे आधी स्वतःच्या आणि बायकोच्या पोटावर प्रयोग केला, आणि मेरी त्यात पूर्ण सोबत होती. पहिलं अनाथालय सुरू झालं 11 एप्रिल 1836 ला, ब्रिस्टलमधल्या विल्सन स्ट्रीटवर, 30 मुलींसाठी. मधे साडेपाच वर्षं गेली, दादा. साडेपाच वर्षं तो हे स्वतःवर करून बघत होता, मग दुसऱ्याची लेकरं हाताशी घेतली. तुम्ही राजीनामा आणि मुलं एकाच महिन्यात आणणार आहात.

आणि त्या सुरुवातीतली गंमत बघा. घरासाठी प्रार्थना केली, पैशासाठी केली, काम करणाऱ्या माणसांसाठी केली. डिसेंबर 1835 पासून वस्तू यायला लागल्या, त्याने सगळ्या लिहून ठेवल्यात, 28 प्लेटा, 4 मग, 4 सुऱ्या आणि 5 काटेचमचे, असं. नोंदणीचा दिवस जाहीर केला, जाऊन बसला, आणि एकही मूल आलं नाही. मग लक्षात आलं की मुलांसाठी प्रार्थना करायचीच राहिली! त्याने धरून चाललं होतं की मुलं काय, येतीलच. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले, नंतर गप्प झाले, कारण आमच्या कामात हेच होतं, इमारतीसाठी उपास, गाडीसाठी उपास, आणि मुलांची नावं मात्र प्रार्थनेत "सर्व लेकरे" एवढ्यात उरकलेली.

आता झळ कोणाला बसली ते बघा. 1838 च्या सप्टेंबरात गल्ला जवळजवळ रिकामा झाला. तेव्हा म्युलरने पहिल्यांदा सगळ्या सहकाऱ्यांना बसवून खरी परिस्थिती सांगितली. बाहेर एक शब्द नाही, पण आत सगळं उघड. आणि सहकाऱ्यांनी काय केलं, नुसते गुडघे टेकले नाहीत तर स्वतःजवळ होतं ते काढून दिलं. त्याच महिन्यात लंडनहून आलेल्या एका बाईने आपल्या मुलीने पाठवलेले पैसे आणून दिले, ती काही दिवस आधीच येऊन शेजारच्याच घरात उतरली होती. म्युलरने लिहिलंय की पैसे इतके दिवस भिंतीपलीकडे होते म्हणजे देवाला मदत करायची होतीच, फक्त त्याआधी आम्ही प्रार्थना करावी असं त्याला वाटत होतं. लोक ह्यातला चमत्कार लक्षात ठेवतात. मी लक्षात ठेवते ते हे की त्या दिवसांत मोठ्यांचे खिसे रिकामे झाले आणि मुलांच्या प्लेटा भरलेल्या राहिल्या.

कर्जाचंही तसंच. बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा 13 वा अध्याय, कोणाच्या ऋणात राहू नका, हे त्याने अक्षरशः घेतलं, दुकानदाराकडे उधारीचं खातंसुद्धा नाही. म्हणून तुमचा हप्ता चालू असताना "म्युलरसारखं" हा शब्द वापरायचा नाही, राग मानू नका. म्युलरसारखं करायचं तर आधी कर्ज फेडा. तेही विश्वासाचंच काम आहे, फक्त त्याची साक्ष कोणी द्यायला सांगत नाही.

बॉयलरची गोष्ट तुमच्या चरित्रात असेल तर पुन्हा काढा. 1857 चा नोव्हेंबर अखेर, ब्रिस्टलमधल्या अ‍ॅशली डाऊनवर त्याने पुढे बांधलेल्या मोठ्या अनाथालयांपैकी पहिल्या घराचा बॉयलर गळायला लागला, घरात 300 मुलं, बाहेर बोचरी उत्तरेची हवा. बॉयलर भिंतीत बांधलेला, फोडल्याशिवाय कळणार नाही, आणि फोडायचा तर विस्तव बंद. ह्याने दोन गोष्टी मागितल्या, उत्तरेचा वारा दक्षिणेचा होऊ दे आणि कामगारांना काम करायची इच्छा होऊ दे, बायबलमधल्या नहेम्याच्या वेळी झाली तशी. आदल्या संध्याकाळपर्यंत उत्तरेचाच वारा. कामाच्या दिवशी खरोखर दक्षिणेचा वारा आला आणि कामगार स्वतःहून म्हणाले आम्ही रात्रभर थांबतो. मी ही गोष्ट स्टाफला सांगते तेव्हा विचारते, म्युलरने बॉयलर बरा व्हावा म्हणून प्रार्थना का नाही केली? करता आली असती की. त्याने मिस्त्री बोलावला, दिवस ठरवला, भिंत फोडायची तयारी केली, आणि आपल्या हातात नव्हतं तेवढंच देवाकडे मागितलं. पोराला ताप आला की आधी डॉक्टर आणि वाटेत रिक्षात प्रार्थना, हा आमच्याकडचा नियम तिथूनच आलाय.

आता मागण्याबद्दल. तुमचे बंधू म्हणतात मागणं म्हणजे अविश्वास. मला हे पटत नाही, पौलाने यरुशलेमेतल्या गरिबांसाठी मंडळ्यांना सरळ पत्रं लिहून वर्गणी गोळा केली, त्याचा विश्वास कमी होता का? न मागणं हा म्युलरचा स्वतःचा मार्ग होता. त्याला लोकांना दाखवायचं होतं की देव आजही ऐकतो, आणि ते दाखवायचं तर माणसाकडे मागून चालणार नव्हतं. हा पहिला हेतू आणि मुलांची देखभाल त्याच्यानंतर, असं त्याने उघड लिहून ठेवलंय. इथे माझं आणि म्युलरचं जमत नाही. मूल हे माझ्या विश्वासाचं प्रात्यक्षिक नाही. पण न मागण्याने जे साधतं ते मात्र मी शिकले, आणि फार लाज वाटून शिकले.

आमच्याकडे पूर्वी डोनर आले की मुलं रांगेत उभी राहून गाणं म्हणायची. वाढदिवस असला की केक, फोटो, गाणं. एकदा दुपारी वीज मीटरचं रीडिंग घ्यायला माणूस आला, त्याने चप्पल काढून आत पाय टाकला आणि सहा वर्षांची एक मुलगी धावत येऊन हात जोडून उभी राहिली, "काका, गाणं म्हणू?" तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मी त्या रात्री जेवले नाही. म्हणजे मागण्याची झळ पोरांना बसत होती आणि आम्हाला कळलंच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून गाणं बंद, फोटो बंद. दोन नेहमीचे देणगीदार तुटले, तुटू दे म्हटलं.

आणि न मागण्याचं सोंगही असतं बरं का, ते मी स्वतः केलंय. व्हॉट्सअ‍ॅपवर "प्रार्थना विनंती: तांदूळ दोन दिवस पुरेल, कृपया प्रार्थनेत आठवण ठेवा." ही प्रार्थना विनंती आहे का? हा बिलाचा फोटो आहे, वर आमेन लिहिलेला. म्युलरने 1841 च्या डिसेंबरात काय केलं माहितीये, वर्षाचा अहवाल आणि सभा द्यायची वेळ झाली होती पण नेमकी तंगी होती, म्हणून त्याने ती पुढेच ढकलली, कारण आत्ता अहवाल दिला तर ते मागितल्यासारखं होईल. मागायचं असेल तर सरळ मागा, खर्च दाखवून, पावती देऊन, त्यात लाज नाही. नसेल मागायचं तर मग सूचकसुद्धा मागू नका. मधलं जे आहे ते सगळ्यात वाईट.

हिशोबाचं तर विचारूच नका. प्रत्येक देणगीची नोंद, नावाऐवजी नंबर, दरवर्षी छापील अहवाल. आयुष्यभरात सुमारे 15 लाख पौंड त्याच्या हातातून गेले, दहा हजारांहून जास्त मुलं सांभाळली गेली, 1870 पर्यंत पाच मोठी घरं उभी राहिली, 2,000 हून जास्त मुलांची सोय, आणि मेरी त्या घरांमध्ये जाऊन कापडचोपड आणि हिशोब स्वतः तपासायची. आलेला प्रत्येक पैसा तो घेतही नव्हता. शिवणकाम करणारी एक आजारी बाई, आठवड्याची कमाई सरासरी साडेतीन शिलिंग, तिला वारसाहक्काने थोडे पैसे मिळाले आणि ती 100 पौंड द्यायला आली. ह्याने लगेच घेतले नाहीत, बसवून विचारपूस केली की भावनेच्या भरात देत नाहीयेस ना, नंतर पश्चात्ताप होणार नाही ना. आमच्यात कोण विचारतो असं? आम्ही पावतीपुस्तक काढतो.

म्हणजे इथवरचं सांगायचं तर, आधी स्वतःवर वर्षानुवर्षं प्रयोग, कर्ज शून्य, आत सगळं उघड, मिस्त्री बोलावून मग प्रार्थना, आणि वह्या चोख. ह्यातलं काहीही गाळून उरलेल्याला म्युलर म्हणू नका.

त्याच्यातलं सगळं उचलायचंही कारण नाही. तो फक्त आईबाप दोघंही वारलेली आणि लग्नाच्या नात्यातून जन्मलेलीच मुलं घ्यायचा. आज तो नियम वाचून अंगावर काटा येतो. आणि शेकडो मुलांची ती मोठी घरं त्याच्या संस्थेनेच पुढच्या शतकात सोडली आणि कुटुंबासारख्या छोट्या घरांकडे वळली.

आपल्याकडचं उदाहरण तर पंडिता रमाबाईंचं. त्यांनी म्युलरची हकीकत वाचली होती आणि आपल्या साक्षीत, म्हणजे श्रद्धेच्या आत्मकथनात, लिहिलंय की असा भरवसा आपल्या देशात ठेवता येईल का असा प्रश्न त्यांना पडला. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायका आणल्या आणि केडगावला त्यांचं मुक्ती मिशन उभं राहिलं. पण तिथे नुसती प्रार्थना नव्हती, विहिरी खणल्या, शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, मुलींच्या हाताला काम. बाईंनी बायबलचं मराठी भाषांतर केलं आणि ते त्याच छापखान्यात, त्याच मुलींच्या हातून छापलं गेलं. 'पितृहीनांचा पिता' हे स्तोत्रातले शब्द छपाईच्या खिळ्यांनी जुळवणारी मुलगी स्वतः पितृहीन असेल, ह्याचा मी कितीदा विचार केलाय.

आता तुमचं "रजिस्ट्रेशनचं नंतर बघू". नाही दादा. बाल न्याय कायदा 2015 प्रमाणे मुलं ठेवणारी प्रत्येक संस्था, सरकारी पैसा घेत असो वा नसो, नोंदणीकृत लागते, नाहीतर एक वर्षापर्यंत कैद किंवा कमीत कमी एक लाख दंड किंवा दोन्ही. आणि तुम्ही मूल "आणू" शकत नाही. सापडलेलं किंवा निराधार मूल 24 तासांत बाल कल्याण समितीसमोर न्यायचं, कुठे ठेवायचं ते समिती ठरवते. लोक म्हणतात हे अडथळे आहेत, सैतानाचे सुद्धा म्हणतात! अहो, चांगुलपणाचा आव आणून पोरांना विकणारी माणसं मी डोळ्यांनी बघितलीत, हा कायदा त्यांच्यासाठी आहे, आणि तुम्ही ते नाही हे पोराला कागदाशिवाय कसं कळणार?

दुसरं म्हणजे आमच्याकडे आलेल्या कितीतरी मुलांना आई असते. आजी असते, मामा असतो. गरिबी असते. त्या आईला शिलाई मशीन, बालसंगोपन योजनेचा फॉर्म भरून देणं, शाळेची फी, एवढ्यात मूल घरीच राहतं. याकोबाच्या पत्रात अनाथ व विधवांचा 'समाचार घेणे' म्हटलंय, आपल्या बोलण्यात समाचार घेणं म्हणजे झापणं, पण तिथे अर्थ आहे त्यांच्याकडे जाऊन विचारपूस करणं. त्यांच्याकडे जाऊन. उचलून आपल्याकडे आणणं नाही. तुम्ही नोकरी न सोडता चार घरांचा असा समाचार आजपासून घेऊ शकता, आणि कोणी चरित्र लिहिणार नाही.

प्रार्थनेचं आयुष्य कसं असतं असंही तुम्ही विचारलंय. माझं विचाराल तर कंटाळवाणं. आधी मी पहाटे उठून थेट गुडघ्यावर, आणि मन मात्र गॅस सिलेंडरवर, कोणाच्या ड्युटीवर. म्युलरने 1841 मध्ये हेच लिहिलंय, की उठल्याउठल्या प्रार्थनेला बसायचो आणि अर्धा-अर्धा तास मन भटकण्यातच जायचा, मग त्याने क्रम बदलला, आधी शास्त्रातली थोडी वचनं सावकाश, त्यातूनच प्रार्थना आपोआप, आणि बऱ्याचदा चालता चालता. मी ते उचललं. अंगणात सतरा फेऱ्या, एका फेरीला दोन मुलं, नावानिशी. त्यात काय मागते? अमक्याचं अंथरूण ओलं होणं थांबू दे. तमकीचा बाप शनिवारी दारू न पिता भेटायला येऊ दे. तो तसा आला नाही, सहा वर्षांत दोनदा आला. म्युलरनेही काही मित्रांसाठी दशकानुदशकं रोज प्रार्थना केली आणि सगळ्यांचं उत्तर लवकर मिळालं नाही, हे पण त्याच चरित्रात असतं, आपण ती पानं उलटतो.

आणि मुलांवर प्रार्थना लादू नका. समिती तुमच्याकडे सगळ्या धर्मांची मुलं पाठवणार, त्यांचा धर्म त्यांचा. तुम्ही पहाटे फेऱ्या मारताना त्यांनी बघितलं तर बघू दे, तेवढं पुरे.

मिसेसबद्दल एकच. रात्री दोनला रडणाऱ्या मुलाला उचलायला जर त्याच उठणार असतील तर त्यांचा नकार हाच तुम्हाला आलेला निरोप असू शकतो. नोकरी आत्ता सोडू नका. जवळच्या नोंदणीकृत बालगृहात अधीक्षकांना भेटा, त्यांची पोलीस पडताळणी वगैरे जी पद्धत असेल ती पूर्ण करा, आणि वर्षभर जा, दोघं मिळून. नाताळात जाऊ नका, तेव्हा सगळेच येतात, केकचे डबे ठेवायला जागा नसते. जूनमध्ये जा. शाळा सुरू होते, साठ पोरांच्या वह्यांना कव्हरं घालायची असतात, रेनकोट कोणाचा कुठला कळत नाही, निम्म्या पोरांना सर्दी आणि गृहमाता नेमकी रजेवर. कात्री आणि चिकटपट्टी घरून न्या, आमच्यातली कधीच सापडत नाही.